जर्मनीत कुटुंबासह जाताना: आधी नाव, मग पत्ता, मग बाकी सगळे कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याला श्टुटगार्टमध्ये नोकरी लागली आहे, ब्लू कार्डसाठीचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यासाठीचा, व्हिसा हातात आला आहे आणि तुम्ही दोघं नि चार वर्षांची मुलगी पुण्याहून एकत्रच निघताय. तिथे पोचल्यावर कुठली नोंदणी आधी आणि कुठली नंतर, निघण्यापूर्वी भारतात काय तयार ठेवायचं आणि मूळ दाखले सोबत न्यायचे की घरी कपाटात ठेवायचे, हे तुम्हाला हवं आहे.

गेली बारा वर्षं मी हेच काम करते. कंपन्यांनी बोलावून घेतलेल्या कुटुंबांबरोबर सरकारी ऑफिसांच्या खिडक्यांपाशी बसते. कागदांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. पण एखादा कागदच नाही म्हणून अडलेली माणसं मी फार थोडी पाहिली. अडतात ती दोन गोष्टींपायी: एक तर नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं, नाहीतर पत्ता कच्चा असतो. या दोन गोष्टी पक्क्या असल्या तर बाकीचे कागद बरेचसे आपोआप, टपालाने, घरी येतात. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी यांवरच खर्च करणार आहे.

नावापासून सुरू करू, कारण ते काम भारतातच करायचं आहे. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर शेवटी. लग्नाआधीच्या कागदांवर मधलं नाव वडिलांचं असतं, नंतरच्या कागदांवर नवऱ्याचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण ही एकच बाई आहे हे वाचताक्षणी कळतं. जर्मन खिडकीमागच्या माणसाला ते कळत नाही. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे ते आडनाव आणि दुसऱ्या रकान्यात जे आहे ते सगळं पहिलं नाव, एवढंच त्याच्यासाठी खरं असतं. म्हणजे सासऱ्यांचं नाव तुमच्या नवऱ्याचं दुसरं ‘पहिलं नाव’ होतं आणि तुमच्या नवऱ्याचं नाव तुमचं. यात नुकसान काहीच नाही, फक्त ते सगळीकडे तसंच आलं पाहिजे.

एका कुटुंबाच्या नोंदणीला मी सोबत गेले होते. खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलचं टोक एकेका अक्षराखाली सरकवत नेलं. आडनावापाशी पेन्सिल थांबली. पासपोर्टवर शेवटी एक ‘ए’ होता, दाखल्यावर तो नव्हता. मराठीत दोन्हीचा उच्चार एकच, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘अज्ञात’ अशी नोंद केली. त्या एका ‘ए’मुळे त्या घरातल्या नोकरदार माणसाचा पगार पुढचे पाच महिने अविवाहिताच्या दराने कापला गेला. भारतातून दुरुस्त दाखला येऊन भाषांतर होईपर्यंत काही हललं नाही.

म्हणून आजच संध्याकाळी बसा. तिघांचे पासपोर्ट, लग्नाचा नोंदणी दाखला, तिघांचे जन्मदाखले आणि नवऱ्याची पदवी टेबलावर मांडा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्यांतलं स्पेलिंग हा तुमचा मूळ मापदंड. बाकी प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहा. लग्नाचा किंवा जन्माचा दाखला वेगळा निघाला तर महानगरपालिकेच्या किंवा विवाह निबंधकांच्या कार्यालयात दुरुस्ती करून घ्या. ते काम पुण्यात असताना चार खेपांत होतं, श्टुटगार्टमधून करायचं तर कुणा नातेवाइकाला हेलपाटे घालावे लागतात. जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. असा दाखला निम्माच. त्यावर नाव चढवून घ्या.

दोन ठिकाणी माझं मत ठाम आहे. पहिलं, निघायच्या तोंडावर नाव बदलू नका. पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर तसाच राहू द्या. जर्मनीत नवराबायकोची आडनावं वेगळी असणं अगदी नित्याचं आहे आणि त्याने काही अडत नाही. अडतं ते अर्ध्या कागदांवर एक आणि अर्ध्यांवर दुसरं असल्याने. दुसरं, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर व्हिसाच्या आधीच नवा पासपोर्ट काढावा. तुमचे व्हिसे आले आहेत म्हणजे बहुधा तसं नसेल, तरी मुलीचा पासपोर्ट बघून घ्या.

नोकरीचा करार, बँकेचं खातं, विम्याचा अर्ज यांवरही पासपोर्टवरचं पूर्ण नाव लिहायला सांगा. मधलं नाव गाळून ‘सुटसुटीत’ लिहायचा मोह ऑफिसातल्या मंडळींना होतो. तिथेच पुढच्या घोळाची सुरुवात होते.

आता पत्ता. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्या पत्त्यावर स्वतःची नोंद करावी लागते. हिला आनमेल्डुंग म्हणतात. नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेल्या नोंदणी कायद्यात ते लिहिलं आहे आणि नियम जर्मन नागरिकांनाही तोच आहे. नोंद होते नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, त्याला श्टुटगार्टमध्ये ब्युर्गरब्युरो म्हणतात. अर्ज, तिघांचे मूळ पासपोर्ट, लग्नाचा आणि जन्माचे दाखले आणि घरमालकाचा सहीचा कागद घेऊन जायचं. एकाच घरात एकत्र राहायला आलेल्या कुटुंबाची नोंद एकाच वेळी होते.

घरमालकाच्या या कागदाला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असं लांबलचक नाव आहे. अमुक तारखेपासून ही माणसं माझ्या या घरात राहायला आली, एवढंच त्यावर असतं: मालकाचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. नव्याने आलेले लोक इथे हमखास गाफील राहतात. करार दाखवला की काम होईल असं त्यांना वाटतं आणि मग हाती आलेली अपॉइंटमेंट वाया जाते. घरमालकाने हा कागद द्यायलाच हवा, ते त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. मुलीचंही नाव त्यावर आहे ना, ते बघा.

पहिले दोन-तीन महिने तुम्ही बहुतेक कंपनीने घेऊन दिलेल्या सुसज्ज फ्लॅटमध्ये राहाल. बुकिंग पक्कं करण्याआधीच लेखी विचारा, इथल्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का आणि सहीचा कागद मिळेल का. सुट्टीसाठी भाड्याने देतात तशा घरांचे मालक तो पुष्कळदा देत नाहीत. आणि कुणी पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देऊ’ केला तर त्या वाटेला जाऊ नका. न राहता केलेली नोंदणी हा कायद्याचा भंग आहे आणि तसा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट दोन आठवड्यांच्या आत मिळत नाही असं पुष्कळदा होतं. घाबरू नका, पण मुदतीच्या आत अपॉइंटमेंट मागितल्याचा ईमेल किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुणे सोडण्यापूर्वीच ती बुक करता आली तर उत्तम.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे भरलेली गोष्ट थेट पगाराशी जोडलेली आहे, कारण चर्चच्या सभासदांच्या पगारातून चर्च-कर कापला जातो. बाडेन-व्युर्टेंबर्ग (श्टुटगार्टचं राज्य) आणि बव्हेरियात तो आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. कर गोळा करणाऱ्या धर्मसंस्थांपैकी कुठल्याच संस्थेचे तुम्ही सभासद नसाल तर तसंच नोंदवा. खिडकीवरून उठण्याआधी छापून दिलेला कागद तिथेच वाचा. नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, चारही. चूक त्या क्षणी एका मिनिटात सुधारते.

आणि त्याच दिवशी घरी येऊन एक काम करा, जे कुठल्याही यादीत नसतं. लेटरबॉक्सवर आणि दारावरच्या बेलवर तुमचं आडनाव चिकटवा. दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. जर्मनीत टपाल नावाने पोचतं. फ्लॅटला नंबर नसतो, एका इमारतीत बारा घरं असतात आणि पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. एका जोडप्याच्या पेटीवर फ्लॅट पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव होतं. त्यांच्या करओळख क्रमांकाचं पत्र परत गेलं, बँकेच्या कार्डाचं गेलं, विमा कार्डाचंही गेलं. ते बिचारे रोज पेटी उघडून बघत होते. मी गेले तेव्हा एका जाड कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून सेलोटेपने लावलं. पुढच्या आठवड्यापासून पत्रं यायला लागली.

नोंदणीनंतर दोन ते चार आठवड्यांत तिघांच्या नावाने तीन पत्रं येतात. प्रत्येकात अकरा अंकी करओळख क्रमांक असतो, ज्याला सगळे श्टॉयर-आयडी म्हणतात. तुमच्या चार वर्षांच्या मुलीलाही तो मिळतो. तो जन्मभर एकच राहतो, घर बदललं किंवा देश सोडून परत आलात तरी. साधं पत्र समजून टाकून देऊ नका. हरवलं तर केंद्रीय कर कार्यालय तो फोनवर किंवा ईमेलने सांगत नाही, पुन्हा टपालानेच पाठवतं आणि पुन्हा काही आठवडे जातात. पहिल्या पगारापर्यंत क्रमांक आला नाही तर पगार खात्याला तसं कळवा. उशीर तुमच्या चुकीने झाला नसेल तर जास्तीत जास्त तीन महिने ते अंदाजित करवर्गाने (पगारातून किती कर कापायचा ते या वर्गावर ठरतं) पगार काढू शकतात. काहीच कळवलं नाही तर सहावा वर्ग लागतो, त्यात कपात सगळ्यांत जास्त.

करवर्गाचं गणित असं. लग्नाची नोंद झाली आणि दोघंही जर्मनीत राहत असाल की दोघांना चौथा वर्ग मिळतो. तुम्ही सुरुवातीला कमावणार नसाल तर नवऱ्याला तिसरा, म्हणजे कमी कपातीचा, आणि तुम्हाला पाचवा असा बदल मागता येतो. अर्ज कर कार्यालयाकडे, म्हणजे फिनान्सआम्टकडे, करायचा आणि बदल पुढच्या महिन्यापासून लागू होतो. जो महिना तुम्ही अर्जाविना घालवाल त्याची जास्तीची कपात वर्षअखेरीच्या विवरणपत्रातून परत मिळते, पण तोवर पैसे अडकतात आणि नव्या घराची अनामत भरायचे दिवस नेमके तेच असतात.

आरोग्य विम्याबद्दल लांबण लावत नाही. सरकारी पद्धतीच्या विम्यात, म्हणजे गेझेट्झलिशे क्रांकेनकासेत, न कमावणारी जोडीदार आणि मूल वेगळा हप्ता न देता सामील होतात. खाजगी विम्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. पगार २०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० युरोंपेक्षा जास्त असेल तर खाजगीचा पर्याय खुला होतो आणि विक्रेते फोन करू लागतात. लहान मूल असलेल्या कुटुंबाने सरकारी पद्धतीतच राहावं असं मी सांगते. खाजगीतून परतीची वाट अवघड आहे आणि वयाच्या ५५ नंतर जवळजवळ बंद. नोकरी सुरू झाल्यावर पेन्शन विम्याचा क्रमांकही टपालाने येतो, तोही जन्मभराचा. नवरा भारतीय कंपनीच्या पगारावर ठरावीक काळासाठी पाठवला जात असता तर गोष्ट वेगळी होती. मे २०१७ पासून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार लागू आहे आणि त्याखाली ईपीएफओचं, म्हणजे आपल्या भविष्य निर्वाह निधी संघटनेचं, प्रमाणपत्र दाखवून तिथली पेन्शन वर्गणी टाळता येते. तुमच्या बाबतीत करार जर्मन कंपनीशीच आहे, त्यामुळे ते लागू नाही.

आता निवास परवाना. व्हिसा ही फक्त सुरुवात. त्याची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, तिघांसाठी कार्डाचा अर्ज करायचा असतो. पहिल्यांदा कार्ड काढायला मोठ्या माणसाला साधारण १०० युरो शुल्क पडतं. मे २०२५ पासून कागदी फोटो घेत नाहीत, डिजिटल फोटो लागतो. तो कार्यालयातल्या यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त फोटोग्राफरकडे निघतो, तेव्हा पुण्याहून फोटोंचा गठ्ठा नेऊ नका. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापलं जातं आणि यायला काही आठवडे लागतात.

खरी अडचण अपॉइंटमेंटची. श्टुटगार्टसारख्या शहरांत महिनोन्‌महिने तारीख मिळत नाही असे काळ मी पाहिले आहेत. लोक वाट बघत बसतात आणि व्हिसाची शेवटची तारीख उलटून जाते. असं कधीही होऊ देऊ नका. कायद्याला महत्त्वाची आहे ती अर्जाची तारीख, अपॉइंटमेंटची नव्हे. मुदतीच्या आत अर्ज पोचला की जुन्या व्हिसाचे हक्क निर्णय होईपर्यंत चालू राहतात. म्हणून व्हिसा संपायच्या निदान दोन महिने आधी, कार्यालयाने सांगितलेल्या ऑनलाइन अर्जाने, ती सोय नसेल तर लेखी अर्ज करा आणि पोच जपा.

मधल्या काळासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या दाखल्याला फिक्टियोन्सबेशायनिगुंग म्हणतात. तो हातात आला की त्यावर कुठल्या कलमासमोर खूण केली आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ चा चौथा परिच्छेद असेल तर नोकरी चालू ठेवता येते आणि भारतात जाऊन परतही येता येतं. तिसरा परिच्छेद असेल तर देशाबाहेर पडू नका, त्यावर परत प्रवेश मिळत नाही. तुम्ही राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या, व्हिसावर येताय, त्यामुळे चौथाच हवा. चुकीची खूण मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एका मुलीच्या वडिलांचं आजारपण होतं, तिकीट काढलेलं होतं आणि कागदावर खूण तिसऱ्या परिच्छेदासमोर होती. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहिलो, कारकुनाने जुना व्हिसा बघितला, चूक मान्य केली आणि नवा दाखला दिला. ती वेळेवर पोचली. कागद वाचला नसता तर तिला परतीच्या विमानात घेतलं नसतं.

तुमच्या स्वतःच्या कार्डावर किंवा सोबतच्या पुरवणी पानावर नोकरीची परवानगी असल्याचं वाक्य आहे ना, तेही वाचा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कुठलीही नोकरी किंवा व्यवसाय करण्याची मुभा असते. आज गरज नसली तरी दोन वर्षांनी लागेल.

मुलीसाठी दोन गोष्टी. मार्च २०२० पासून बालवाडीत आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो आणि तिच्या वयाला दोन डोस हवेत. आपल्याकडच्या लसीकरण पुस्तिकेत डॉक्टरांनी घाईत ब्रँडचं नाव खरडलेलं असतं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून एका लेटरहेडवर प्रत्येक लसीचं वैद्यकीय नाव आणि तारीख नीट लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. ‘गोवर’ हा शब्द इंग्रजीत स्पष्ट आला पाहिजे. दुसरी गोष्ट किंडरगेल्ड, मुलामागे मिळणारा भत्ता. २०२६ मध्ये तो महिना २५९ युरो आहे आणि ब्लू कार्डधारकांनाही मिळतो. अर्ज हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे फामिलीएनकासेकडे. मागचे पैसे सहाच महिन्यांचे मिळतात, त्यामुळे ‘स्थिरस्थावर झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचे पैसे खरोखर बुडतात.

घरी अजून एक पत्र येईल, रुंडफुंकबायट्रागचं. ही सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, २०२१ पासून महिना १८.३६ युरो, माणशी नव्हे तर घरामागे एक. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. फसवणूक समजून लोक पत्र बाजूला टाकतात आणि मग दंडाचं पत्र येतं. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून नवऱ्याला चौथ्या महिन्यातच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायला सांगा.

भारतातल्या बाजूने बँकेत कळवा. तुम्ही अनिवासी झालात की नेहमीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावं लागतं. आधार आणि बँकेशी जोडलेला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवा. ओटीपी येईनासा झाला की दुरून एकही काम उरकत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मूळ कागदांचा. सोबत न्या आणि हातातल्या बॅगेत न्या, चेक-इनच्या बॅगेत नाही. जर्मन खिडकीवर झेरॉक्स चालत नाही, मूळ कागद बघूनच ते स्वतः प्रत काढून घेतात. जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांच्या मात्र महापालिकेतून आणखी दोन-दोन मूळ प्रती काढा. एक भाषांतरासाठी, एक आईवडिलांकडे पुण्यात. भाषांतर जर्मनीतल्या न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या. त्यांची यादी तिथल्या राज्यांच्या न्याय खात्यांच्या वेबसाइटवर आहे. त्यांना दाखल्यासोबत पासपोर्टची प्रतही पाठवा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवायला सांगा. घर किंवा जमीन तुमच्या नावावर असेल तर विश्वासातल्या माणसाच्या नावे मर्यादित अधिकारांचं मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदवा, म्हणजे पुढे भाडेकरार किंवा करभरणा अशा कामांसाठी मूळ कागद जर्मनीहून परत पाठवायची वेळ येणार नाही.